सोमवारचे बोंडे

आलूबोंड्याची परीक्षा तो थंड झाल्यावर करायची असते. कढईतून नुकता काढलेला कोणताही बोंडा चांगलाच लागतो. तेल, मीठ आणि खाणाऱ्याची भूक, तिघं मिळून त्याचे दोष झाकून ठेवतात. तो थंड झाला की कवच मऊ पडतं, तेल बाहेर येतं आणि आतला बटाटा खरं बोलू लागतो. ओवा जास्त झाला असेल तर कडवट लागतो. बेसन जुनं असेल तर खवटपणा जिभेवर बसून राहतो. हे शोधून काढलं माझ्या पत्नीने. तिचं नाव कुसुम. तिच्या या एका सवयीवर आमचा सगळा धंदा उभा होता.

माझा एक पुतण्या पुण्याला नोकरी करतो. मागे आला तेव्हा म्हणाला, "काका, तुम्ही जे केलं त्याला फ्रँचायझी म्हणतात. आता लोक त्याचं शिक्षण घेतात." मला थोडं बरं वाटलं आणि थोडं हसूही आलं. आम्ही त्याला काहीच म्हणत नव्हतो. भंडाऱ्यात मसाला व्हायचा, एस.टी.ने पुड्या जायच्या आणि जिथे जिथे त्या पोचायच्या तिथल्या दुकानावर एकाच नावाचा बोर्ड असायचा. सगळ्यात भरभराटीच्या काळात अशी सहा दुकानं होती. पैकी काही आली आणि गेली. शेवटपर्यंत टिकली ती तीन: जवाहरनगरचं आमचं स्वतःचं, मोहाडीचं गुलाबचं आणि सानगडीचं देवकाबाईचं. मी त्यांच्याबद्दलच लिहितो.

मी मराठी घेऊन बी.ए. झालो तो मास्तर होण्यासाठी. मास्तरकी मिळाली नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत जवाहरनगरला सरकारी दारूगोळा फॅक्टरीच्या बसेस थांबायच्या त्या कोपऱ्यावर मी एक टपरी घेतली. बोंडे कुसुम करायची, भट्टी मी सांभाळायचो आणि गिऱ्हाईक नसलं की पुस्तक वाचत बसायचो. त्यामुळे नोकरी न मिळूनही लोक मला मास्तरच म्हणू लागले.

बोर्ड रंगवायची वेळ आली तेव्हा मी तिला न विचारता 'कुसुम आलूबोंडा' असं लिहून घेतलं. तिला ते अजिबात आवडलं नाही. बाईचं नाव घरात माणसं मोठ्याने घेत नसत असा तो काळ.

"माह्यं नाव चौकात कायले टांगता?" ती म्हणाली. "लोकं म्हनतीन, दोन कुसुम द्या, एक बांधून द्या."

लोक अगदी तसंच म्हणू लागले. पहिले काही दिवस ती भट्टीकडे पाठ करून बसायची. मग कोणी "दोन कुसुम" म्हटलं की माझ्याकडे बघून, "आता भोगा," अशी मान हलवायची. पुढे तिला सवय झाली. मला वाटतं, थोडं आवडायलाही लागलं होतं, पण तसं तिने कधी म्हटलं नाही.

जवाहरनगरात देशभरातली माणसं. त्यामुळे गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं. कलकत्त्याकडचे एक वयस्कर बाबू होते. ते बोंड्याचं फक्त कवच खायचे आणि आतला बटाटा बशीत काढून ठेवायचे. घरी रोज बटाटाच असतो, म्हणायचे. दुसरे एक उत्तरेकडचे हवालदार. त्यांना डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं होतं, म्हणून ते कवच सोलून नुसता बटाटा खायचे. दोघं निरनिराळ्या पाळ्यांना यायचे. एकदा योगायोगाने एकाच बाकावर बसले आणि एकमेकांच्या बशीकडे पाहत राहिले. त्यानंतर कित्येक वर्षं ते दोघं मिळून एकच बशी घ्यायचे. बाबूंची बदली झाली तेव्हा हवालदार एकटे आले, एक बोंडा घेतला, सोलला आणि कवचाकडे बघत बसले. नंतर त्यांचं येणं हळूहळू बंद झालं. या धंद्यात माणूस आजारी आहे की गेला की बदलून गेला, हे आपल्याला कळत नाही. त्याची बशी मागणारं कोणी येत नाही, एवढंच कळतं.

आता थोडं धंद्याबद्दल सांगतो. बोंडा करायला सोपा आहे. उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, लसूण, आमच्याकडे जिला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, मसाला आणि वरून बेसनाचं कवच. मसाल्याचं प्रमाण आमचं गुपित नव्हतंच. कुसुम ते कोणालाही सांगायची. अवघड होतं ते रोज तोच बोंडा करणं. नवा बटाटा गोडसर असतो, जुना कोरडा. पावसाळ्यात बेसन पाणी कमी पितं. लाकूड ओलं असलं तर तेल पुरतं तापत नाही आणि बोंडा तेल ओढतो. मसाला कितीही मोजून घातला तरी रोज हाताने काहीतरी कमीजास्त करावंच लागतं, आणि ते काय हे चव घेतल्याशिवाय कळत नाही. एका दुकानात हे जमणं कठीण. वेगवेगळ्या गावांतल्या दुकानांत, वेगवेगळ्या विहिरींच्या पाण्यावर आणि वेगवेगळ्या हातांनी हे कसं जमावं?

आमचा बोर्ड लावणारा गुलाब हा पहिला. मोहाडीला तहसील कचेरीसमोर त्याची चहाची टपरी होती. सडसडीत, बोलका, सगळ्या कारकुनांना नावाने ओळखणारा. कचेरीत काम असलेली माणसं त्याच्याकडे यायची. त्यातले पुष्कळ जण दोन बोंडे घ्यायचे, एक आत जाण्याआधी खायचे आणि दुसरा काम झाल्यावर खायला पुडीत बांधून ठेवायचे. गुलाब म्हणायचा, संध्याकाळी टपरीमागच्या कुत्र्याचं पोट पाहिलं की साहेब आज जाग्यावर होते की नव्हते ते समजते.

देवकाबाई स्वतः सानगडीहून बसने भंडाऱ्याला आली होती. पन्नाशीची, विधवा, बाजारात भजी तळणारी. नमस्कार करून ओसरीवर बसली आणि थेट बोलली, की गावात बाईच्या हातचं भजं लोकांना घरचं वाटतं, दुकानाचं वाटत नाही. "बोर्ड असला का दुकान वाटते. तुमच्या बोर्डावर बाईचंच नाव हाय, म्हून तुमच्याकडं आली." कुसुमने तिला आत नेलं आणि दोघी चुलीपाशी बराच वेळ बोलत होत्या. मी मध्ये एकदा डोकावलो, तर दोघींनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मी परत बाहेर येऊन बसलो.

आमच्या अटी थोड्याच होत्या. मसाला आमचाच, तेल फल्लीचंच, म्हणजे शेंगदाण्याचं, आणि दर सोमवारी सकाळच्या पहिल्या घाण्यातले दोन बोंडे भंडाऱ्याला पाठवायचे. एक फोडून बघायला, एक खायला. कागदात गुंडाळून, कापडी पिशवीत घालून ती पिशवी कंडक्टरच्या हवाली करायची. आमचं घर तिथल्या बस स्टँडामागच्या गल्लीत होतं. दुपारपर्यंत पिशव्या पोचायच्या आणि बोंडे पुरते थंड झालेले असायचे. कुसुम हात धुऊन, पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसायची. एक घास घ्यायची, थांबायची, चूळ भरायची, मग दुसऱ्या गावाचा. त्या वेळी तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नसे.

मंगळवारी सकाळी निकाल त्याच कंडक्टरबरोबर परत जायचा. कंडक्टर लांबलचक निरोप कशाला लक्षात ठेवतील, म्हणून कुसुम एकच शब्द सांगायची. 'मीठ.' 'ओवा.' 'तेल.' सगळं जमलेलं असेल तर 'ठीक'. बस थांबली की कंडक्टर खिडकीतून ओरडून तो शब्द सांगायचा आणि बाजारातल्या लोकांनाही तो ऐकू जायचा. गुलाबला 'मीठ' आलं तर कचेरीतले कारकून दिवसभर त्याला चिडवायचे. एकदा सानगडीला 'पाणी' असा शब्द गेला. देवकाबाईने पिठात पाणी कमी केलं. पुढच्या आठवड्यात परत 'पाणी'. मग तिच्या लक्षात आलं, की उन्हाळ्यामुळे तिने विहीर बदलली होती आणि त्या दुसऱ्या विहिरीला थोडी खारट चव होती. ती लांबच्या विहिरीवरून पाणी आणू लागली आणि 'ठीक' आला. पंचवीस-तीस मैलांवर बसून कुसुमला विहीर कळली, हे देवकाबाईने सानगडीत सगळ्यांना सांगितलं.

तुम्हाला वाटेल, हे काम मी का नाही केलं. मला जमत नव्हतं. मी वाचत वाचत जेवणारा माणूस. पानात काय होतं हे मला ताट उचलल्यावर आठवत नसे. कुसुम म्हणायची, "तुमाले रद्दी तळून देल्ली तरी चालते." मसाल्याच्या कामासाठी ती घरीच राहू लागल्यापासून जवाहरनगरचा बोंडासुद्धा मी रोज तिला आणून द्यायचो. अशी बरीच वर्षं गेली. ती चांगली गेली असं आता म्हणता येतं.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिचा घसा दुखू लागला. सुरुवातीला भट्टीचा धूर, मिरचीचा ठसका असं समजून काढे झाले. नागपूरला नेलं तेव्हा कॅन्सर निघाला. मोठ्या दवाखान्यात शेक घेतले, म्हणजे किरणांचा उपचार. ती बारीक झाली, आवाज घोगरा झाला आणि तोंड आतून सोलल्यासारखं झालं. तांदळाची पातळ पेज तेवढी जायची. मसाला आता गल्लीतल्या बाया तिच्या डोळ्यांदेखत कुटायच्या. पण सोमवारच्या पिशव्या तिने बंद करू दिल्या नाहीत. पूर्वीसारखीच हात धुऊन बसायची, चिमणीएवढा घास घ्यायची, आणि मंगळवारी शब्द जायचा. 'ठीक.' दोन्ही गावांना, दर आठवड्याला, 'ठीक'.

एका सोमवारी काही कामाने मी मोहाडीला गेलो होतो. गुलाबच्या बाकावर कचेरीत आलेले एक म्हातारे शेतकरी बसले होते. त्यांनी अर्धा बोंडा बशीत ठेवला आणि मला ओळखत नसल्यामुळे मलाच सांगितलं, "सोमवारी खाऊ नोका बाप्पा. सोमवारचा बोंडा दवाखान्यातला लागते. मंगळवारी या, मस्त असते."

मी एक बोंडा घेतला. माझ्यासारख्यालाही फरक कळला. बोंड्यात मिरची नव्हती. मसाला नावापुरता. आजारी माणसाला चारावा तसा गुळगुळीत, फिका.

गुलाबला बाजूला घेऊन विचारलं. तो आधी इकडचं तिकडचं बोलला. मग मान खाली घालून म्हणाला, "वैनी खाते ना भाऊ. तिखट त्याहिले कसं जाईन? पहिल्या घाण्यातलाच पाठवा म्हनता तुमी. दोन वेगळे करून पाठवले तं ते खोटं झालं. म्हून सोमवारी सगळेच घाने फिके काढतो."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. दुसरा कोणी असता तर दोन फिके बोंडे वेगळे तळून पाठवले असते आणि दुकानात तिखट विकले असते. कोणाला कळलंही नसतं. गुलाबला ती फसवणूक वाटली. म्हणून त्याने इमानाने सगळ्या गावाला फिका बोंडा चारला.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम सानगडीला गेलो. देवकाबाईच्या कढईतही तेच. दोघांचं आपसात बोलणं झालेलं नव्हतं. ते एकमेकांना जेमतेम ओळखत होते. देवकाबाईने तर मला उलटंच सुनावलं, की आजारी बाईला तिखट पाठवायला ती काही कसाई नाही, आणि गिऱ्हाईक एक दिवस फिकं खाल्ल्याने मरत नाही. पण परतीच्या बसची वाट पाहताना मी बघत होतो. बाकावर माणसं कमी होती. शेजारी कोणीतरी नवी भजीची हातगाडी लावली होती आणि तिथे गर्दी होती.

त्या दुपारी मी घरी आलो तेव्हा कुसुमच्या पुढ्यात पिशव्या उघडलेल्या होत्या. तिने घास घेतला, चूळ भरली आणि मला म्हणाली, उद्या दोघांनाही ठीक सांगा.

मी विचारलं, "तिखट आहे का त्यात?"

ती बोटांनी बोंड्याचं कवच चाचपत बसली.

"मले काय समजते आता," ती म्हणाली. "शेक घेतल्यापासून बोंडा अन् पानी सारखंच हाय."

"मग ठीक का सांगतेस?"

"ते दोघं वाट पाहून राहतेत ना. काही नाही सांगतलं तं समजतीन, बाई संपली."

मग मी तिला सांगितलं. फिक्या घाण्याचं, म्हाताऱ्याचं, हातगाडीचं. मला वाटलं होतं ती रडेल. ती हसली. हसताना घसा दुखायचा, म्हणून तोंडावर पदर धरून हसली. "म्हंजे ते मले फिकं चारून राहिले, अन् मी त्याले ठीक म्हनून राहिली." हसू थांबलं तेव्हा तिने उरलेला बोंडा कागदात परत गुंडाळला. त्या फिक्या बोंड्याचे दोन घास तिच्या पोटात जात होते. पेजेशिवाय दुसरं काही घन असं तेवढंच जात होतं. हे मला माहीत होतं आणि तिलाही.

मंगळवारी सकाळी मी स्टँडवर निघालो तेव्हा तिने मला दारातून परत बोलावलं.

"दोघायलेबी सांगा. 'तिखट'."

मी म्हटलं, मग तू खाणार काय?

"माह्यं हे खानं दुकानाले खाते ना," ती म्हणाली. "जा, गाडी सुटन."

शब्द गेला. पुढच्या सोमवारपासून बोंडे पहिल्यासारखे यायला लागले, झणझणीत, लसणाचे. पिशवी उघडली की सगळ्या घरात वास पसरायचा, पण तो तिला येत नसे. त्यातला कणही तिला तोंडात घालता येत नव्हता. मग ती नुसती बघायची. बोंडा दोन हातांत धरून फोडायची. कवच कुठे जाड आहे, किती फुगलं आहे, बोटाला तेल किती लागतं, बटाट्यात गाठ राहिली आहे का, पाहायची. मला एक घास खायला लावायची आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहायची. माझ्या बोलण्यावर तिचा भरवसा नव्हता. पण डोळ्यांत पाणी किती आलं त्यावरून तिला मिरचीचा अंदाज यायचा. असं सगळं जमवून ती शब्द ठरवायची. 'बेसन.' 'गाठ.' 'ठीक.' मोहाडीचा बाक परत भरू लागला, सानगडीची हातगाडी दिसेनाशी झाली. त्या शेवटच्या काही महिन्यांतले बोंडे फार चांगले होते असं दोन्ही गावांतले लोक सांगतात. मला तेव्हा ते सांगता आलं नसतं.

एकच गोष्ट विचित्र झाली. तिखट मागितलं म्हणजे वहिनी बरी झाली, असा गुलाबने अर्थ घेतला. तो एका रविवारी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला. कुसुम पलंगावर उशीला टेकून बसली होती. त्याने लांबूनच नमस्कार केला आणि मोठ्या आनंदात म्हणाला, "वैनी, तिखट चालून राहिलं म्हंजे आता जितली तुमी." कुसुमने माझ्याकडे पाहिलं. मग त्याला म्हणाली, हो बाप्पा, आता मोहाडीला येऊन तुहीच परीक्षा घेते. तो गेल्यावर पेढे गल्लीतल्या बायांना वाटले. मी त्याला खरं सांगावं असं दोन-तीनदा मनात आलं. कुसुमने सांगू दिलं नाही.

ती दिवाळीनंतर गेली. आमच्या भागात तेव्हा मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रांचे, दिवस असतात. धान घरी येऊ लागलेलं असतं, एकेका गावाची मंडई ठरलेली असते, लेकीबाळी माहेरी येतात, नाटकं होतात, दंडारीचे नाच होतात आणि माणसं दिवसभर खात असतात. बोंडेवाल्याचं वर्ष त्या दिवसांवर निघतं. सकाळी ती गेली आणि नेहमीच्याच गाड्यांच्या कंडक्टरांबरोबर निरोप गेला.

आमच्याकडे मौत झाली की तेरवीपर्यंत, म्हणजे तेराव्या दिवसापर्यंत, घरात कढई चढत नाही. तळण नाही, फोडणी नाही. हा नियम घराला आणि भाऊबंदांना. गुलाब आणि देवकाबाई आमचे भाऊबंद नव्हते, जातीचेही नव्हते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. तरी मोहाडीला आणि सानगडीला, ऐन मंडईत, दोन्ही भट्ट्या बंद राहिल्या. सानगडीच्या मंडईच्या दिवशी देवकाबाई दुकानासमोर नुसती बसून होती, असं मला नंतर कळलं. कोणी विचारलं तर सांगायची, घरात मौत झाली. कोणाच्या घरात, हे पुढे कोणी विचारलं नाही. समोर बोर्ड होताच.

तेरवीला कढई परत चढते. वडे, पुऱ्या, खीर करावी लागते. दोघंही आदल्या दिवशीच आले आणि आपापली दुकानची कढई बरोबर घेऊन आले. दोघांनी सांगितलं की पंगतीला बोंडा आम्ही तळणार. मागच्या अंगणात दोन चुली मांडल्या. मसाला एकच, बायांनी त्याच मापाने कुटलेला. बटाटा एकाच पोत्यातला, पाणी आमच्याच नळाचं. एका चुलीवर गुलाब, दुसऱ्या चुलीवर देवकाबाई.

पंगती उठल्यावर मी मागे गेलो. दोन्ही परातींत काही बोंडे उरले होते आणि थंड झाले होते. भूक नव्हती. मी एकीतला एक खाल्ला, मग पाणी पिऊन दुसरीतला एक. हातात त्या वेळी पुस्तक नव्हतं. गुलाबचा जरा आंबटसर होता, मिरची समोर येणारी. देवकाबाईचा लसणाचा, जाड कवचाचा, बाजारात उभ्याने खायचा. डोळे मिटूनही मी सांगितलं असतं कोणता कोणाचा. आणि कुसुमचा यांतला एकही नव्हता. इतकी वर्षं दर मंगळवारी एका शब्दाने ती या दोघांना ओढून एकत्र ठेवत होती.

दोघं चुलीपाशीच बसले होते. गुलाब म्हणाला, "भाऊ, आता सोमवारी कोनाले पाठवू?"

मी म्हटलं, कोणालाच नको. मग तिखटाचं सगळं सांगितलं, शेक घेतल्यापासून तिला काही कळत नव्हतं इथपासून. गुलाब ऐकत होता. पेढ्यांपर्यंत आल्यावर तो उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"माह्या हातानं बोर्ड उतरनार नाही," तो तिकडूनच म्हणाला. "वैनीचं नाव हाय."

देवकाबाई चुलीतलं जळकं लाकूड बाहेर ओढून त्यावर पाणी मारत होती. तिने मान वर केली नाही.

"अरे, उद्या तुह्या हातून खारट होईन, माह्या हातून कच्चा राहीन. लोकं शिव्या देतीन. आपल्या नावानं देऊ दे ना. बाईच्या नावानं कायले खायाच्या?"



देवकाबाईने सानगडीचा बोर्ड त्याच आठवड्यात उतरवला. गुलाबचा काही दिवस तसाच राहिला. मग मी मोहाडीला गेलो आणि दोघांनी मिळून तो काढला. तो त्याने घरी नेला. दोघांनी आपापली नावं लावली आणि दोघांचे धंदे पुढे चालले, आधीपेक्षा थोडे कमी. सोमवारी बस आली की कंडक्टर सवयीने गुलाबकडे बघायचा, असं गुलाब सांगायचा.

जवाहरनगरचा बोर्ड मीच उतरवला. तिथे दुसरं नाव लावलं नाही. काय लावावं ते सुचलं नाही. भट्टी त्यानंतरही बरीच वर्षं चालली. फॅक्टरीची बस थांबायची, माणसं उतरायची आणि विचारायची, मास्तर, आज बोंडा कसा आहे? मी आधी एक खाऊन पाहायचो आणि मग सांगायचो, बरा आहे. तो बरा असायचा. त्याच्या पुढचं मला सांगता येत नसे.